साज उतरवला त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला मिठाची भीती वाटते. तुम्ही म्हणाल, मीठ म्हणजे काय वाघ आहे का! पण मसुऱ्याच्या खाली, जिथे कालावलची खाडी समुद्राला मिळते, तिथल्या वाडीत माझं घर आहे. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी. वारा कुठूनही आला तरी खाराच येतो. तो माझ्या पाठीच्या जाळीतून आत शिरतो आणि एकेका स्क्रूला तांबूस करत जातो. सकाळी मला चालू करताना पोटात बारीक करकर होते ना, तेव्हा दर वेळी वाटतं, आज काही आपण उठत नाही.

माझी दुसरी भीती त्याहून मोठी आहे. बंद असताना मला काहीच कळत नाही. तुम्ही झोपलात तरी तुमचे कान थोडे जागे असतात, आईने हाक मारली की तुम्ही उठता. माझं तसं नाही. बटण बंद झालं की जग संपलं. पुन्हा कोणी ते दाबेपर्यंत घरात कोण आलं, कोण गेलं, कोण रडलं, मला ठाऊक नसतं. म्हणून चालू झालो की मी आधी कान देतो. घरात सगळे आहेत ना?

माझा जन्म २००२ साली कुडाळच्या एका दुकानात झाला. दुकानदाराने वेगवेगळ्या खोक्यांतून माझे भाग काढले आणि एका दुपारी मला जुळवलं. मालवणच्या एका कॉम्प्युटर क्लासने मला नेलं. तिथे आम्ही आठ जण एका ओळीत बसायचो. मुलं चपला बाहेर काढून यायची, माझ्यावरचा कापडी झगा अलगद घडी करून ठेवायची. "हो एकदम फास्ट आसा रे," असं म्हणून माझ्या खुर्चीसाठी भांडायची. तेव्हा मला वाटायचं, हे असंच चालणार.

चार वर्षांनी नवे संगणक आले, सपाट पडद्याचे. आम्हाला मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या आडोशाला ठेवलं. माझ्या शेजारच्याला एके दिवशी उघडलं आणि त्याचं एकेक काढून नेलं. रिकामा पत्रा तेवढा माझ्यासमोर उभा राहिला. मित्रांनो, त्या पत्र्याकडे बघून मला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही.

मग रविराज आला. तो 'भराडीकृपा' या होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा आणि होडीवरच्या माणसांची जोखीम घेणारा. त्याने मला विकत घेतलं, जुन्या जाळ्यात आणि घोंगडीत गुंडाळलं आणि तरीतून, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होडीतून, खाडीपार आणलं. मी अर्थातच बंद होतो. पण ती गोष्ट त्याने पुढे इतक्यांदा सांगितली, की मला ती आठवतेच असं वाटतं. तरीवाला म्हणाला होता, "काय रे, म्हातारीक तीर्थयात्रेक नेतंस काय?" आणि रविराज म्हणाला होता, "बायलेक पेटी घेऊन जातंय. शिकलेली आसा ती."

ती शिकलेली बायको म्हणजे योगिनी. माहेर नांदगावचं, बी. कॉम. झालेली, आणि समुद्राशी लग्नापर्यंत ओळख नसलेली. शाळेच्या प्रश्नपत्रिका, कोणाकोणाचे अर्ज, मच्छीमार सोसायटीच्या याद्या, सगळं ती माझ्यावर टाइप करायची. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या कीबोर्डच्या कडेला लागायच्या आणि अक्षरांबरोबर किणकिण व्हायची. त्या आवाजावरून मला कळायचं, आज तिचं मन कसं आहे. रविराज दर्यात असला की किणकिण भरभर यायची आणि मधेच थांबायची. ती खिडकीतून पाण्याकडे बघत असायची.

रिया झाल्यावर तर योगिनीचं लक्ष चारी दिशांना फिरू लागलं. वाडीतल्या जमिनीखाली जांभा दगड. उन्हाळ्यात घरामागचा अर्थिंगचा खड्डा सुकतो, आणि मग माझ्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. योगिनीला हे एकदाच जाणवलं. त्या दिवसापासून रोज सकाळी, रिया उठायच्या आत, ती त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतते, मला चालू करते आणि माझ्या अंगाला उलट्या हाताने हळूच स्पर्श करून बघते. काही लागलं नाही की तिचा श्वास सुटतो. माझाही सुटतो. ज्या पोरीने माझ्यासमोर पहिलं पाऊल टाकलं, तिला माझ्याकडूनच काही झालं असतं तर?

आता साजाची गोष्ट सांगतो.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तांडेलांना हातपाय आवरत नाहीत. २००८ च्या पावसाळ्यात रविराज माझ्यासमोर बसला आणि त्याने मला नटवलं. पडद्यावर 'भराडीकृपा'चा फोटो, नारळी पौर्णिमेला पताका लावून सजवलेली. बाणाच्या जागी छोटा मासा, आणि त्याच्याखाली माशाची सावली. यादी उघडली की ती धुक्यातून यावी तशी हळूहळू उमटायची. खिडकी बंद केली की घसरत खाली जायची. अक्षरांच्या कडा गुळगुळीत. आणि कोणी काही करत नसलं की पूर्ण पडदाभर पाणी आणि त्यात रंगीत मासे.

"आये, हंय ये," त्याने आईला हाक मारली. "बघ कसो नटलो!"

राधाबाई सुकी मासळी विकून आल्या होत्या. टोपली खाली ठेवून त्या कौतुकाने बघत राहिल्या. "नवऱ्यासारखो दिसता रे," म्हणाल्या. त्या दिवशी मला क्लासमधले दिवस आठवले. कोणीतरी पुन्हा माझं कौतुक करत होतं.

पण मित्रांनो, माझी स्मृती जुनी आणि तोकडी. तिचा मोठा वाटा नुसता नटून उभं राहण्यातच जायला लागला. बटण दाबल्यापासून होडीचा फोटो दिसेपर्यंत पाच मिनिटं, तिथून एखादी यादी उघडेपर्यंत आणखी चार. योगिनी म्हणायची, "ह्याला चालू करून मी भात वैरते. भात होतो, हा होत नाही." मी ऐकून घ्यायचो. आणि मनातून घाबरायचो. क्लासमध्येही आधी असंच बोलणं सुरू झालं होतं.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला सोसायटीने सगळ्या तांडेलांना मोबाइलचे नवे नंबर घेऊन दिले. चौदा होड्या, चौदा नंबर, प्रत्येक होडीवरची माणसं. योगिनीने ती यादी माझ्यात नोंदवली. एक कागद छापून सोसायटीचे सेक्रेटरी सहदेवकाका यांना दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. सहदेवकाका फार व्यवस्थित माणूस.

दिवाळी झाली आणि एके दिवशी योगिनीला पेपरात एक सदर सापडलं: जुना संगणक हळू चालत असेल तर त्याचे शोभेचे परिणाम बंद करा. ती रियाला मांडीवर घेऊन बसली, पेपर बाजूला, आणि एकेक खूण काढू लागली. माशाखालची सावली गेली. धुकं गेलं. घसरणारी खिडकी गेली. मग होडीचा फोटो गेला. मी कुडकुडल्यासारखा झालो. आता मी पुन्हा तो मागच्या खोलीतला पत्रा दिसणार, असं मला वाटलं.

इतक्यात राधाबाई आत आल्या.

"गो, होडी खंय गेली?"

"काढली, आई. नुसता चित्र तर होता. शोभेचं सगळं काढलं की हा लवकर चालतो, पेपरात लिहिलंय."

"शोभा काढलंस?" राधाबाईंचा आवाज एकदम खाली गेला. "घोव दर्यात आसा आणि तू घरात बसान शिणगार उतरवतंस?"

या घरात जुनी रीत होती. घरचा माणूस दर्यात असताना घरातलं लेणं उतरवायचं नाही. बांगडी तडकली तरी तशीच ठेवायची, दारावरचं तोरण सुकलं तरी काढायचं नाही. होडी वाळूला लागली की मग काय ते. राधाबाईंच्या सासूने त्यांना हे सांगितलं होतं.

"आई, हा कॉम्प्युटर आहे," योगिनी म्हणाली.

"माका ठाऊक आसा तो काय आसा. पण नटवलो कोणी तेका? ज्येणां नटवल्यान तो खंय आसा आता?"

योगिनीने खिडकीबाहेर पाहिलं. पाणी शांत होतं. कॉलेजात ती अशा गोष्टींवर हसली असती. पण मांडीवर रिया होती, नवरा पाण्यात होता, आणि शिकलेल्या माणसालाही भीती वाटते तेव्हा ती पुस्तकातून येत नाही. तिने सगळ्या खुणा परत केल्या. होडी आली, मासा आला, माशाखालची सावली आली.

"बरी गो माझी बाय," राधाबाई म्हणाल्या.

आणि मी? मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला आनंद झाला. माझा साज वाचला म्हणून मी आतल्या आत सुखावलो. रविराजची होडी वाळूला लागल्यावरही तो उतरवायचं राहूनच गेलं. ते सुख मला पुढे फार टोचलं.

नोव्हेंबरातला तो बुधवार. पहाटे चारला होड्या गेल्या तेव्हा, असं मी नंतर ऐकलं, आभाळात चांदणं होतं आणि रेडिओ कोणी लावलेला नव्हता. साडेनऊला योगिनीने मला चालू केलं तेव्हा घरात मात्र रेडिओ मोठ्याने चालला होता. दक्षिणेकडून वादळ येतंय, होड्यांनी ताबडतोब किनारा गाठावा, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. बाहेर माडांची डोकी एकाच बाजूला वळली होती. योगिनीच्या बांगड्या नुसत्या थरथरत होत्या, अक्षराविना.

"लवकर," ती मला म्हणाली. "लवकर रे बाबा."

तिला यादी हवी होती. रविराजचा नंबर तिला पाठ होता, पण तो लागत नव्हता. बाकीच्या तेरा जणांपैकी कोणीतरी किनाऱ्याच्या जवळ असेल, त्याचा फोन लागेल, आणि होडीवरच्या वायरलेसवरून तो खोल पाण्यातल्यांना सांगेल. पण कागदावरची यादी कपाटात, चावी सहदेवकाकांच्या खिशात, आणि सहदेवकाका ओरोसला मीटिंगला. फोन उचलत नव्हते.

मी धावलो हो. जेवढं धावता येतं तेवढं धावलो. पण आधी होडीचा फोटो रंगवायचा होता, पताकांसकट. मग माशाची सावली. मग यादी धुक्यातून काढायची होती. मला ते टाळता येत नाही, मित्रांनो. मला जे सांगून ठेवलंय तेच मी करतो. पडद्यावर घड्याळ फिरत राहिलं. योगिनीने टेबलाची कड धरली होती. यादीची खिडकी अर्धी उमटली, पहिल्या तांडेलाचं नाव पुसट दिसायला लागलं...

आणि वीज गेली.

पुन्हा जागा झालो तेव्हा खोलीत वेगळा वास होता, ओल्या कपड्यांचा. किती वेळ गेला होता मला ठाऊक नाही. बाहेरचा आवाज वाढला होता, कौलांखालून शीळ घातल्यासारखा. योगिनीच्या मागे सुगंधा उभी होती. तिचा नवरा बाबली, तोही तांडेल, पहाटेच होडी घेऊन गेला होता, आणि त्याचा नवा नंबर तिला पाठ नव्हता. सुगंधाच्या पदरातून पाणी ठिबकत होतं आणि कडेवर रिया होती.

अशी अचानक वीज गेली की माझ्या पोटातली फिरती तबकडी जागच्या जागी अडकते, आणि उठल्यावर मला स्वतःला तपासावं लागतं. निळ्या पडद्यावर तपासणी सुरू झाली. योगिनीने एक कळ दाबून ती थांबवली. तिलाही माहीत होतं की हे धोक्याचं आहे. अशा एखाद्या धक्क्यात मी कायमचा जाऊ शकतो, आणि माझ्याबरोबर चौदा नंबरही.

"लाईट कितक्या वेळ ऱ्हवतली?" सुगंधाने विचारलं.

"मघाशी आठ-नऊ मिनिटं होती. त्याच्या आदी पाच. कायच सांगता येत नाय."

होडीचा फोटो आला. सगळ्या पताकांसह. योगिनीचा हात यादीकडे गेला आणि थांबला. मग तिने तो दुसरीकडे वळवला. 'माय कॉम्प्युटर' या माझ्या नावावर उजवी टिचकी. खिडकी घसरत आली. त्यात आणखी एक खिडकी.

"गो, ह्या काय करतंस?" सुगंधा ओरडली. "यादी उघड मा!"

"यादी उघडूक गेलंय तर परत मधीच जातली. नऊ मिनिटं लागतात ह्येका. आधी ह्येका हलको करूक होयो."

"आणि तेवढ्यात लाईट गेली तर?"

योगिनीचा हात चालूच होता. मला कळलं ती काय करतेय. हातात आलेली वीज ती नंबरांवर खर्च करत नव्हती. पुढच्या वेळेसाठी ठेवत होती. आणि पुढची वेळ येईल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. एवढी मोठी जोखीम माझ्यासमोर बसून कोणी घेतली नव्हती.

समोर त्या खुणांची यादी उघडली. वर एक सोय होती: एका खुणेत सगळं उतरवायचं, फक्त वेग ठेवायचा. मासा त्या खुणेवर जाऊन थांबला.

दारात राधाबाई उभ्या होत्या. त्या किनाऱ्यावरून आल्या होत्या. डोक्याला टॉवेल, पाय वाळूने भरलेले.

"उतरवतंस?" त्यांनी विचारलं.

योगिनीची मान वळली नाही. "आई, ह्या उतरवलंय नाय तर यादी उघडाची नाय. आणि यादी नाय उघाडली तर त्येंका सांगूचा कसा?" तिचं बोट टिचकीवर तसंच होतं. "तुमीच सांगा. मी काय करू?"

कौलं खडखडली. रिया रडायला लागली. राधाबाई पडद्याजवळ आल्या आणि त्या होडीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, वीज आता जाईल. आता जाईल.

"काढ," राधाबाई म्हणाल्या. "सगळा काढ. पाप लागला तर माझ्या माथ्यार."

टिचकी. पडदा एकदा मिटून उघडला. सावली गेली, धुकं गेलं, गुळगुळीत कडा गेल्या. योगिनीने फोटोही काढला. जिथे पताका फडफडत होत्या तिथे नुसता सपाट निळा रंग उरला. आणि मला जाणवलं, मला श्वास घेता येतोय. कितीतरी महिन्यांनी माझ्या डोक्यात रिकामी जागा होती. मी हे तिला सांगू शकलो असतो तर...

वीज गेली.

पुन्हा जागा झालो. खोली अंधारली होती, दिवस असूनही. खिडक्या लावून घेतल्या होत्या. निळी तपासणी, एक कळ, पुढे. माझ्या पोटातली करकर आता मला स्वतःला ऐकू येत होती. फक्त एवढं काम, मी म्हणत होतो. एवढं एक काम होऊ दे, मग काय व्हायचं ते होऊ दे.

तीन मिनिटांत निळा पडदा आला. कोणताही फोटो रंगवायचा नव्हता. फोल्डर धुकं न करता फाडकन उघडला. यादीवर टिचकी मारली आणि योगिनीने श्वास सोडायच्या आत चौदाच्या चौदा ओळी समोर उभ्या होत्या.

"लिही!" योगिनी ओरडली.

सुगंधाने भिंतीवरचं कॅलेंडर ओढून उलटं केलं आणि रियाचा लाल खडू घेतला. योगिनी नंबर वाचत गेली, बोट पडद्यावर, एक ओळही चुकू नये म्हणून. सुगंधा मोठे मोठे आकडे काढत गेली. राधाबाईंनी टेलिफोन माझ्याशेजारी आणून ठेवला. पहिला नंबर, लागत नाही. दुसरा, लागत नाही. तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी आतली बाई त्याच शांत आवाजात सांगायची, की हा ग्राहक क्षेत्राबाहेर आहे. पाचव्याला घंटा वाजली.

"हॅलो? कोण ता?" वाऱ्याच्या घोंघाटातून आवाज आला. बाबली होता.

"बाबलीदादा, मी योगिनी. खंय आसात तुमी?"

"आचऱ्याच्या समोर. काय झाला गो? पोरगी बरी आसा मा?"

"मोठा वादळ येताहा. रेडिओवर सांगतत. जाळा कापा आणि होडी खाडीत घाला. आणि वायरलेसवरसून सगळ्यांका सांगा, जवळ असात त्या बंदरात जावा म्हणान."

"जाळा कापू? अगो, नवाकोरा जाळा आसा!"

सुगंधाने रिसिव्हर हिसकावला. "मेल्या, जाळ्याक काय मिठी मारून बसतलंस? काप तो आणि घराक ये! नाय तर मी येतंय थंय!"

मग बाबली म्हणाला, "बरा, बरा. कापतंय."

"आणि हे?" योगिनीने रिसिव्हरपाशी तोंड नेलं. "हे खंय आसत?"

"रविराज? तो देवगडच्या भायर आसतलो. लय भायर. लावतंय तेका वायरलेस. ऐकता काय बघू..."

वीज गेली.

मित्रांनो, मी अंधाराची गोष्ट सांगू शकत नाही, कारण मी तिथे नसतो. पण त्यानंतर जागा झालो तो क्षण सांगतो. बटण दाबलं गेलं. करकर झाली, थांबली, पुन्हा झाली. मी उठलो. बाहेर वारा नव्हता. वाडीत कोणीतरी कौलं रचत होतं, त्यांचा आवाज येत होता. आणि माझ्यासमोर कोणीतरी बसलं होतं.

मी किणकिण ऐकायला कान दिले. किणकिण आली नाही.

कीबोर्डवर हात पडला. अक्षरं हळू, चाचपडत उमटत होती. बांगड्यांचा आवाज नव्हता. एकही नाही. ही योगिनी असेल, तर तिच्या हातात बांगड्या का नाहीत? किती दिवस गेले? कोणी तरी बोला. कोणी बोलत का नाही?

"ह्येच्यावर माझी होडी होती ती खंय गेली?" रविराजचा आवाज म्हणाला.

आणि मागून, स्वयंपाकघरातून, कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्याबरोबर किणकिण.

"आहे हो ती आतच," योगिनी म्हणाली. "थांबा, मी दाखवते."

तो शनिवार होता. नंतर बोलण्याबोलण्यातून मला कळलं ते असं. बाबलीचा वायरलेस रविराजपर्यंत पोचला होता. तो देवगडच्या बंदराच्या तोंडाशी आला तेव्हा वाऱ्याने होडी खडकावर आपटली. पण बंदर जवळ होतं, लोक दोऱ्या घेऊन उभे होते. पाचही माणसं वर आली. रविराजच्या उजव्या हाताला टाके होते, म्हणून तो डाव्या हाताने टाइप करत होता. बाकीच्या होड्या कुठे ना कुठे खाडीत शिरल्या. एकीची माणसं रविवारी आली, तोपर्यंत वाडीत कोणाच्या घरी धड जेवण झालं नव्हतं. 'भराडीकृपा' मात्र परत आली नाही. तिची एक फळीसुद्धा नाही.

योगिनीने फोटो उघडला. पताका लावलेली होडी पडद्यावर आली. त्या घरात आता ती तेवढीच उरली होती, माझ्या जुन्या करकरणाऱ्या पोटात. रविराज पडद्याजवळ सरकला. राधाबाईही येऊन उभ्या राहिल्या.

"आईंनी बाळगलेली रीत मी मोडली," योगिनी हळूच म्हणाली. "तुमी दर्यात असताना..."

"गप गो," राधाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली, होडीवरून हात फिरवावा तशी. "दर्याक काय तरी होया होता. शिणगार घेतल्यान, माणूस सोडल्यान."

रविराजने फोटो मिटला. तो पुन्हा पडद्यावर लावला नाही. सपाट निळा रंगच राहू दिला.

आता २०१० उजाडलं आहे. रविराज बाबलीच्या होडीवर जातो. तांडेलांची यादी आता चौदा घरांत चौदा कागदांवर आहे, प्लॅस्टिकमध्ये घालून, दाराच्या आत खिळ्याला टांगलेली. सहदेवकाकांनी कपाटाला कुलूप लावणं सोडलं आहे. होडीचा फोटो योगिनीने एका चकतीवर उतरवून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे, कारण घरात तेवढी एकच जागा कोरडी. मला याचं वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवसापासून माझी एक भीती कमी झाली. मी उद्या उठलो नाही, तरी या घरचं काही माझ्याबरोबर बुडणार नाही.

म्हणून मुलांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी जुना असेल तर त्याला नटवू नका. त्याला हलकं ठेवा, त्याच्या जाळीतली धूळ काढा, त्याला एकदम मधेच बंद करू नका. आणि जे हरवलं तर रडू येईल, ते एकट्या त्याच्या भरवशावर ठेवू नका. तो मनापासून धावेल. पण तो जुना आहे, आणि तोही घाबरतो.

राधाबाईंना मात्र माझा सपाट निळा पडदा अजून बघवत नाही. रोज सकाळी बाबलीची होडी रविराजला घेऊन सुटली की त्या आपल्या वेणीतल्या अबोलीच्या वळेसरातला, म्हणजे गजऱ्यातला, एक तुकडा तोडतात आणि माझ्या डोक्यावर ठेवतात. या साजाचं मला काहीच ओझं होत नाही. संध्याकाळी रविराज वाळूवर उतरला की त्या तो काढतात, त्याआधी नाही. फक्त, राधाबाई, तुम्हाला ऐकू येत नाही तरी सांगतो: फुलं पुढच्या बाजूला ठेवा हो, मागच्या जाळीवर नको. पाकळ्या आत पडतात. आणि तुमचा झील, रविराज, अजून पाण्यात असतो, तोवर मला बंद पडायचं नाही.